स्नायुतंतूंचे प्रकार ओळखायचे कसे: गोठवण्यापासून मोजणीपर्यंत

स्नायूचा नमुना हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात टाइप १, म्हणजे मंद तंतू, किती टक्के? उत्तरही एका आकड्यात दिलं जातं आणि तो आकडा पुढे प्रबंधात, अहवालात, तक्त्यात जाऊन बसतो. तो कुठल्या पद्धतीने काढला, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. माझ्या मते सगळी गफलत इथेच सुरू होते. तंतूचा 'प्रकार' हा त्याच्यावर छापलेला शिक्का नसतो. आपण त्याला एक प्रश्न विचारतो आणि मिळालेल्या उत्तराला प्रकार म्हणतो. कुठलं मायोसिन (आकुंचन घडवणारं प्रथिन) आहे, हा एक प्रश्न. ऊर्जा कशी तयार करतो, हा दुसरा. किती वेगाने आकुंचन पावतो आणि किती लवकर थकतो, हा तिसरा. बरेचदा तिन्हींची उत्तरं जुळतात. जुळत नाहीत तेव्हा चूक तंतूची नसते, आपण नावांची सरमिसळ केलेली असते.

म्हणून कामाला हात घालण्याआधी आपला प्रश्न नेमका कोणता आहे, ते एका वाक्यात लिहून ठेवा. पुढची प्रत्येक निवड त्यावरून ठरते.

नावांचा गुंता आधी सोडवू

लाल आणि पांढरे स्नायू वेगळ्या गतीने आकुंचन पावतात, हे फ्रान्सच्या रांव्हिए यांनी १८७० च्या दशकातच दाखवलं होतं. १९६७ मध्ये बारानी यांनी मायोसिनची एटीपी (पेशीला ऊर्जा देणारा रेणू) तोडण्याची गती आणि स्नायूच्या आकुंचनाची गती यांचा थेट संबंध मांडला. एटीपी तोडण्याच्या याच 'एटीपेज' क्रियेवर आधारलेली रंजनपद्धत वापरून १९७० मध्ये ब्रूक आणि कैसर यांनी टाइप १, २ए, २बी आणि २सी (१ मंद, २ जलद) ही विभागणी रूढ केली. त्यानंतर लगेच, १९७२ मध्ये, पीटर आणि सहकाऱ्यांनी आकुंचनाची गती आणि चयापचय एकत्र करून तीन गट सुचवले: मंद ऑक्सिडेटिव्ह, जलद ऑक्सिडेटिव्ह-ग्लायकोलिटिक आणि जलद ग्लायकोलिटिक. ऑक्सिडेटिव्ह म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारा, ग्लायकोलिटिक म्हणजे प्राणवायूविना साखर तोडून बनवणारा. बर्क यांनी तर अख्ख्या मोटर युनिटचीच (एक चेताकोशिका आणि तिच्या हुकमातले तंतू) विभागणी केली: मंद, जलद पण न थकणारे, जलद आणि लवकर थकणारे.

विद्यार्थी हे तीन रकाने शेजारीशेजारी लिहून मध्ये बरोबरची चिन्हं टाकतात. ते करू नका. माणसात टाइप १ सर्वांत जास्त ऑक्सिडेटिव्ह, मग २ए, मग २एक्स (या नावाबद्दल पुढे), हा क्रम साधारण पाळला जातो. उंदीर (माउस) आणि घुशीच्या (रॅट) बऱ्याच स्नायूंत मात्र २ए तंतू टाइप १ पेक्षाही जास्त ऑक्सिडेटिव्ह असतात. एका प्राण्याचा तक्ता दुसऱ्याला लावला की तिथेच घसरण सुरू होते.

'२बी' या नावाचा घोळ तर अजून संपलेला नाही. १९८९ मध्ये स्कियाफिनो यांच्या गटाने मोनोक्लोनल अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी) वापरून घुशीच्या स्नायूत २ए आणि २बी यांच्याखेरीज तिसरं जलद मायोसिन दाखवलं. तेच २एक्स. पुढे १९९० च्या दशकात स्पष्ट झालं, की माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत ज्यांना आपण २बी म्हणत आलो, त्या तंतूंत खरं तर २एक्स मायोसिन असतं. २बी मायोसिनचं जनुक माणसात आहे, पण हातापायांच्या स्नायूंत त्याचं प्रथिन सापडत नाही. त्यामुळे जुन्या लेखात माणसाच्या मांडीतले '२बी' दिसले की मनात २एक्स वाचा. उंदराबद्दलच्या लेखात २बी म्हणजे २बीच.

गोठवण: सगळं इथे ठरतं

रंजन बिघडलं तर पुन्हा करता येतं. गोठवण बिघडली की नमुना गेला. सुरुवातीला मी गोठवणीला पाच मिनिटांचं हमालीकाम समजत असे. एकदा घाईत एक तुकडा सरळ द्रव नायट्रोजनमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक तंतूच्या पोटात पांढरी भोकं दिसली, जाळीच जाळी. त्या स्लाइडवर काहीच मोजता आलं नाही आणि दुसरा तुकडा शिल्लक नव्हता.

असं का होतं? द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळत असतो. ऊबदार तुकडा त्यात पडताच त्याच्याभोवती वायूचं वेष्टण तयार होतं आणि ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गोठणं मंदावतं, तंतूंच्या आत बर्फाचे मोठे स्फटिक वाढतात. आयसोपेंटेन हे हायड्रोकार्बन मात्र नायट्रोजनने थंड केल्यावरही द्रव राहतं, उकळत नाही आणि तुकड्याला थेट चिकटून उष्णता ओढून घेतं.

आता कृती. माणसाचा नमुना असेल तर तो नैतिक समितीची परवानगी आणि त्या व्यक्तीची संमती घेऊन, प्रशिक्षित डॉक्टरनेच काढलेला हवा. बर्गस्ट्रॉम सुई त्यासाठी १९६० च्या दशकापासून वापरात आहे. नमुना हाती येताच रक्त आणि चरबी अलगद दूर करा. त्याला सलाइनमध्ये बुडवून ठेवू नका. वरचं पाणीच नंतर स्फटिक होतं. नेऊन पोचवायचा असेल तर ओलसर, घट्ट पिळलेल्या गॉझमध्ये गुंडाळून बर्फावरच्या डबीत ठेवा.

मग स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची दिशा पाहा. या पायरीवर घाई नको. कॉर्कच्या चकतीवर ओसीटीचा (नमुना धरून ठेवणारा, गोठणारा दाट द्रव) किंवा ट्रॅगाकॅन्थ गोंदाचा छोटा ठिपका द्या आणि तुकडा असा उभा करा, की तंतू चकतीला काटकोनात राहतील. ठिपक्यात फक्त बूड रुतवा, बाकीचा तुकडा उघडा राहू द्या. अख्खा तुकडा ओसीटीत बुडवला तर तेच आवरण गोठण्याची गती कमी करतं. तंतू तिरके कापले गेले तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ खोटं मोठं दिसतं, आणि हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट दुरुस्त होत नाही.

धातूच्या पेल्यात आयसोपेंटेन घेऊन तो पेला द्रव नायट्रोजनमध्ये लोंबता धरा आणि ढवळत राहा. आयसोपेंटेन उणे १६० अंशांच्या आसपास गोठतं. पेल्याच्या तळाशी आणि कडांना पांढरट थर धरू लागला, पण मधला भाग अजून द्रव आहे, तो क्षण बरोबर. फार आधी टाकलं तर द्रव पुरेसा थंड नसतो. सगळंच घट्ट झालं तर थोडं बाहेर काढून सैल होऊ द्या. कॉर्क चिमट्यात धरून तुकडा झपकन बुडवा आणि हलवत ठेवा. लहान तुकड्याला दहा ते वीस सेकंद पुरतात. नंतर आधीच थंड केलेल्या डबीत घालून, हवा लागणार नाही असा बंद करून, उणे ८० अंशांत ठेवा. खोलीत हवा खेळती हवी. नायट्रोजनची वाफ प्राणवायू हटवते आणि आयसोपेंटेन लगेच पेट घेतं. जवळ ठिणगी नको.

काप घेणं

क्रायोस्टॅट, म्हणजे थंड कप्प्यातलं काप घेण्याचं यंत्र, उणे २० ते २२ अंशांवर ठेवा. ब्लॉक, म्हणजे कॉर्कवरचा गोठवलेला तुकडा, आत ठेवून अर्धा तास तरी थांबा, नाहीतर काप तडकतात. जाडी ८ ते १० मायक्रोमीटर. सलग काप घ्या आणि प्रत्येक स्लाइडवर कापाचा क्रमांक लिहा. एकाच तंतूला तीन वेगळ्या स्लाइडवर तीन वेगळे प्रश्न विचारता येणं, हीच या कामातली खरी ताकद आहे. एक काप झटपट हिमॅटॉक्झिलिन-इओसिनने रंगवून पाहा. भोकं नाहीत आणि तंतू बहुकोनी, एकमेकांना लागून दिसतात, एवढी खात्री झाली की पुढे जा.

एटीपेज रंजन

ही जुनी पद्धत आहे, पण ती नीट समजली की बाकी सगळं सोपं वाटतं. मायोसिनचं प्रत्येक रूप आम्ल आणि अल्क वेगवेगळं सहन करतं. काप ठरावीक पीएचच्या द्रावणात ठेवला की काही रूपांची एटीपेज क्रिया मरते, काहींची टिकते. जे टिकलं ते नंतर काळं होतं.

काप रसायनाने न स्थिरावता (फिक्स न करता), ताजे वाळवलेले घ्या. पूर्वप्रक्रियेसाठी तीन द्रावणं तयार ठेवा: पीएच १०.३, ४.६ आणि ४.३. अल्कधर्मीत साधारण पंधरा मिनिटं, आम्लधर्मीत पाच मिनिटं, खोलीच्या तापमानाला. धुऊन कॅल्शियम असलेल्या एटीपीच्या द्रावणात, पीएच ९.४ आणि ३७ अंशांवर, अर्धा तास. एटीपी तुटला की फॉस्फेट सुटतं आणि कॅल्शियमबरोबर तिथल्या तिथे साचतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. एक टक्का कॅल्शियम क्लोराइडने तीनदा धुवा. मग दोन टक्के कोबाल्ट क्लोराइडमध्ये तीन मिनिटं: कॅल्शियमची जागा कोबाल्ट घेतो. आता नीट धुवा, अगदी नीट. उरलेला मोकळा कोबाल्ट पुढच्या पायरीत सगळी स्लाइड काळवंडून टाकतो. शेवटी एक टक्का अमोनियम सल्फाइडमध्ये अर्धा मिनिट.

ही शेवटची पायरी पाहण्यासारखी असते. तोवर काप जवळजवळ रंगहीन असतो. सल्फाइड लागताच काही सेकंदांत तपकिरी ठिपके उमटतात, गडद होत जातात आणि डोळ्यांदेखत बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी उभी राहते. कोबाल्ट सल्फाइडचा तो साका म्हणजे त्या तंतूचं उत्तर. अमोनियम सल्फाइड विषारी आहे आणि त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हे काम फ्यूम हूडमध्येच करा. वास येत नाही म्हणून वायू नाही, असं समजू नका. थोड्याच वेळात नाकाला तो वास जाणवेनासा होतो.

माणसाच्या स्नायूचं वाचन असं: पीएच १०.३ ला टाइप १ फिकट, टाइप २ सगळे गडद. ४.६ ला टाइप १ गडद, २ए फिकट आणि २एक्स, म्हणजे जुन्या भाषेतले २बी, मधल्या छटेचे. ४.३ ला टाइप १ गडद, टाइप २ फिकट. ४.३ लाही थोडा रंग धरून राहिलेला जलद तंतू दिसला तर तो २सी, म्हणजे मंद आणि जलद अशी दोन्ही मायोसिनं बाळगणारा मिश्र तंतू.

या पद्धतीचा जीव पीएचच्या एकेका दशांशात अडकलेला असतो. ४.६ च्या जागी ४.५ झालं तरी मधली छटा नाहीशी होऊ शकते. मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट करा, द्रावण वापरायच्या तापमानाला आणून मगच पीएच लावा, आणि नव्या बाटलीतलं रसायन काढलं की ४.३ ते ४.७ अशी छोटी मालिका चालवून आपल्या प्रयोगशाळेचा बिंदू शोधा. प्राणी बदलला तर बिंदूही बदलतो. माणसासाठी लिहिलेली कृती घुशीला जशीच्या तशी लावलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी २ए-२बी उलटसुलट झालेले होते.

अँटीबॉडी: आजची मुख्य वाट

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हीच पद्धत सुचवीन. मायोसिनच्या जड साखळीचं (त्या प्रथिनाच्या मुख्य भागाचं) कुठलं रूप आहे, हे थेट विचारता येतं आणि एकाच कापावर तीन-चार उत्तरं एकदम मिळतात.

टाइप १ साठी बीए-डी५, २ए साठी एससी-७१, २बी साठी बीएफ-एफ३, २एक्ससाठी ६एच१. या अँटीबॉडी आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेतून मिळतात. सगळ्या उंदरात तयार केलेल्या असल्या तरी पहिली आयजीजी२बी, दुसरी आयजीजी१ आणि शेवटच्या दोन आयजीएम वर्गाच्या आहेत. म्हणून प्रत्येक वर्गालाच चिकटणारी, वेगळ्या चमकत्या रंगाची दुय्यम अँटीबॉडी (प्राथमिक अँटीबॉडीला पकडणारी) वापरली की रंग एकमेकांत मिसळत नाहीत. २बी आणि २एक्स यांच्या दोन्ही अँटीबॉडी आयजीएम असल्याने त्या एकाच कापावर लावता येत नाहीत. त्यासाठी लगतचा काप घ्या. सोबत लॅमिनिनची (तंतूभोवतीच्या आवरणातलं प्रथिन) सशातली अँटीबॉडी घातली की प्रत्येक तंतूची कड उजळते आणि मोजणी सोपी होते.

काप वाळवा, दहा टक्के गोट सीरममध्ये तासभर ठेवा, प्राथमिक अँटीबॉडींचं मिश्रण लावून ओलसर डब्यात एक-दोन तास किंवा शीतकपाटात रात्रभर. तीनदा धुवा. दुय्यम अँटीबॉडी अंधारात तासभर, पुन्हा तीनदा धुवा, मग कव्हरस्लिप. फॉर्मल्डिहाइडने स्थिरावू नका. यातल्या अँटीबॉडी ताज्या गोठवलेल्या कापावरच भरवशाने चालतात. पॅराफिनमधला जुना नमुनाच हाती असेल तर एटीपेजचा विषय संपतो, कारण क्रियाच उरलेली नसते. तिथे मंद मायोसिनसाठी नॉक्यू७.५.४डी आणि जलदसाठी एमवाय-३२ यांसारख्या अँटीबॉडी वापरून निदान मंद-जलद एवढं वेगळं करता येतं.

दोन सापळे लक्षात ठेवा. माणसाच्या स्नायूत एससी-७१ ही २ए ला जोरात आणि २एक्सलाही थोडी चिकटते. फिका रंग दिसला म्हणून तंतूला सरळ २ए म्हणू नका, ६एच१ चं उत्तर पाहा. दुसरा सापळा उंदराचा. तिथे बरेच जण १, २ए आणि २बी रंगवतात आणि जे काळं उरलं त्याला २एक्स म्हणतात. पण रंग न धरणं हा पुरावा नव्हे. अँटीबॉडी पोचली नसेल, काप उचलला गेला असेल, तरी तंतू काळाच दिसेल. थोड्या कापांवर तरी ६एच१ लावून ताळा घ्या. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटीबॉडी वापरत असाल, तर मोनोव्हॅलंट फॅब तुकड्यांनी (अँटीबॉडीचे एकेरी पकडीचे तुकडे) आधी अडथळा करा. जखमी तंतूंत शिरलेल्या प्राण्याच्या स्वतःच्या आयजीजीलाही दुय्यम अँटीबॉडी चिकटते.

प्रत्येक वेळी तीन नियंत्रणं हवीत: फक्त दुय्यम अँटीबॉडी लावलेली स्लाइड, एकेक रंग सुटा लावलेल्या स्लाइड, आणि उत्तर माहीत असलेला स्नायू. उंदराचा सोलियस (पोटरीतला स्नायू) मुख्यतः १ आणि २ए चा, तर ईडीएल (नडगीपुढचा, पायाची बोटं ताणणारा स्नायू) मुख्यतः २बी आणि २एक्सचा. दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये शेजारीशेजारी गोठवून ठेवले की एका कापावर सगळा ताळा मिळतो.

एन्झाइमचं रंजन

प्रश्न चयापचयाचा असेल तर सक्सिनेट डीहायड्रोजिनेज हे मायटोकाँड्रियातलं एन्झाइम रंगवा. सक्सिनेट आणि नायट्रोब्लू टेट्राझोलियम असलेल्या द्रावणात ३७ अंशांवर काप ठेवला की मायटोकाँड्रिया जास्त तिथे निळाजांभळा रंग दाट येतो. एनएडीएच पद्धतही चालते, पण ती सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमलाही (तंतूतलं कॅल्शियम साठवणारं जाळं) रंगवते. इथे प्रकारांच्या भिंती नसतात, फिकट ते गडद असा सलग उतार असतो. मध्येच रेघ मारून दोन गट केले तर ती रेघ तुमची आहे, स्नायूची नव्हे. मी गट न करता छटेची तीव्रता आकड्यात मोजते आणि लगतच्या कापावरच्या मायोसिन प्रकाराशी जोडून मांडते.

जेल, सुटा तंतू आणि नव्या वाटा

काप न घेता मायोसिनची रूपं एसडीएस-पेज जेलवरही (विजेच्या साहाय्याने प्रथिनं वजनानुसार पट्ट्यांत सोडवणारं जेल) वेगळी करता येतात. सगळ्यांचं वजन २२० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणून साध्या जेलवर एकच पट्टी दिसते. सुमारे ८ टक्के अॅक्रिलामाइड आणि ३० टक्के ग्लिसरॉल घालून, थंडीत, कमी व्होल्टेजवर दिवसभर चालवलं तर पट्ट्या सुटतात. माणसात वरून खाली २ए, २एक्स, १. घुशीत २ए, २एक्स, २बी, १. उंदरात २ए आणि २एक्स बरेचदा एकमेकांना चिकटून राहतात.

सबंध तुकडा दळून जेलवर घातला तर मिश्र तंतू दिसत नाहीत. अर्ध्या तंतूंत १ आणि अर्ध्यांत २ए असो, की प्रत्येक तंतूत दोन्ही थोडंथोडं असो, पट्ट्या सारख्याच. व्यायामाने किंवा दीर्घ विश्रांतीने बदल घडत असताना नेमके हेच मिश्र तंतू वाढतात. ते पकडायचे तर सूक्ष्मदर्शकाखाली सुटे तंतू चिमट्याने वेगळे करून एकेक जेलवर किंवा डॉट ब्लॉटवर (पटलावर ठिपका देऊन अँटीबॉडीने तपासणं) घाला. काम कष्टाचं आहे, पण मिश्र तंतूंबद्दल याहून सरळ उत्तर दुसरीकडे मिळत नाही. सुट्या तंतूचं प्रोटिओमिक्स आणि सुट्या केंद्रकाचं आरएनए सिक्वेन्सिंग आता होतं. एवढंच ध्यानात ठेवा, की बदलाच्या काळात आरएनए पुढे आणि प्रथिन मागे असतं. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने कार्नोसिन हा स्नायूतला रेणू मोजून सुई न टोचता अंदाज घेता येतो, कारण जलद तंतूंत ते जास्त असतं. पण तो अंदाज झाला, वर्गीकरण नव्हे.

मोजणी

किती तंतू मोजायचे? साधा हिशेब करून पाहा. खरं प्रमाण ५० टक्के असेल आणि तुम्ही ५० तंतू मोजले, तर ९५ टक्के विश्वासाची पट्टी अधिक-उणे १४ टक्क्यांची होते. २०० मोजले तर ७, ६०० मोजले तर ४. हाही आशावादी हिशेब, कारण तंतू पूर्ण विखुरलेले नसतात आणि एकाच स्नायूच्या दोन ठिकाणी प्रमाण बदलतं. म्हणून शक्य असेल तर दोन ठिकाणचे नमुने घ्या आणि मोजणाऱ्याला स्लाइड कुणाची आहे ते कळू देऊ नका. फिजी, मायोव्हिजन यांसारखी सॉफ्टवेअर कडा पटापट आखतात, पण दुमडलेला काप आणि चिकटलेले दोन तंतू त्यांना ओळखता येत नाहीत. आखलेल्या कडा एकदा डोळ्यांखालून घाला. काप थोडा तिरका वाटत असेल तर क्षेत्रफळापेक्षा किमान फेरेट व्यास (तंतूला दोन्ही बाजूंनी टेकणाऱ्या समांतर रेषांमधलं सर्वांत कमी अंतर) विश्वासार्ह.

टक्केवारी संख्येची की क्षेत्रफळाची, हेही लिहा. समजा १०० तंतूंत ५० टाइप १ चे, प्रत्येकी ४००० चौरस मायक्रोमीटर, आणि ५० टाइप २ चे, प्रत्येकी ६०००. संख्येने टाइप १ पन्नास टक्के, क्षेत्रफळाने चाळीस. जेल जो आकडा देते तो या चाळिसाच्या जवळ जाणारा असतो. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत म्हणून वाद झालेले मी ऐकले आहेत, आणि शोध घेतल्यावर एकीने तंतू मोजले होते, दुसरीने पट्ट्या.

अहवालात स्नायूचं नाव, नमुन्याची जागा आणि खोली, प्राणी, पद्धत, पीएच किंवा अँटीबॉडीचं नाव, मोजलेले तंतू, मिश्र तंतू वेगळे धरले की कुठल्या गटात टाकले, एवढं लिहा. आणि प्रत्येक ब्लॉकचे चार-पाच न रंगवलेले काप, स्लाइडवर क्रमांक घालून, उणे ८० अंशांत राखून ठेवा.